लांबच्या शेडची इंजिनं, परमुलखातल्या वाघिणी : सोलापुरात तुम्ही काय काय पाहिलंत?

बाळेकर
नमस्कार मंडळी. धागा थोडा येडपट वाटेल, पण इथे रुळांचे वेडे बरेच आहेत हे ठाऊक आहे, म्हणून काढतोय.

पाकणीला परवा पेट्रोल-डिझेलच्या टाक्यांची रिकामी गाडी उभी होती. टाक्या नेहमीच्याच. पुढच्या वॅग-९ वर (मालगाडीचं विजेवरचं इंजिन) मात्र शेडचं, म्हणजे इंजिनाच्या घरच्या आगाराचं, नाव होतं लुधियाना. लुधियानाचं इंजिन मोहोळ आणि बाळ्याच्या मध्ये टाक्या ओढतंय! मुलाला दाखवलं तर तो म्हणाला, "मग काय झालं बाबा?" उत्तर काय द्यावं सुचेना.

आपल्या मार्गाची वीज पूर्ण होईपर्यंत, म्हणजे २०२२ च्या आसपास, इथे डिझेलचं राज्य होतं. पुणे, गुत्ती, काझीपेठ, हुबळी ही नावं इतकी सवयीची की त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नसे. त्यातून एखादं वेगळं नाव निघालं की बरं वाटायचं. आता वॅग-९ कुठलंही येतं. गोमोह काय, तुघलकाबाद काय, भिलाई काय.

तर प्रश्न दोन. एक, सोलापूर जिल्ह्यात तुम्ही पाहिलेलं सर्वांत लांबच्या शेडचं मालगाडीचं इंजिन कुठलं? दुसरा जरा वादाचा आहे. सगळीकडचं सगळं यायला लागल्यावर यातली गंमत संपली का? मला वाटतं, संपत आली.

गड्डा_यात्री
काय बे बाळेकर, एवढ्या उन्हाचं रुळाकडं बघत बसूलालाव? डोक्याला टॉवेल तरी बांधा. माझं उत्तर : घरचं सगळ्यात लांबचं इंजिन म्हणजे आमचा मेव्हणा. चार दिवसांसाठी आलाय, हलायचं नाव नाही.

होटगीकर
गड्डा 😄 मेव्हण्याचं शेड्यूल ओव्हरड्यू झालंय, शेडला कळवा.

बाळेकर, गंमत संपली हे काही पटलं नाही. पाकणीऐवजी होटगीला येऊन बसा. आमच्याकडे कोळशाच्या दोन वाटा आहेत. एक इथल्याच एनटीपीसीला जाते, ६६० मेगावॉटचे दोन संच. दुसरी होटगीहून विजापूरच्या बाजूला वळून कुडगीला, तिथे ८०० चे तीन. आपलं इथलं केंद्र पूर्ण ताकदीने चालवायचं तर ढोबळ हिशेबाने दिवसाला वीस हजार टन कोळसा लागतो. एका रेकला, म्हणजे अख्ख्या मालगाडीला, ५८-५९ वाघिणी (मालाचे डबे), त्यात चार हजार टनांच्या आसपास माल. म्हणजे पाचेक रेक एकट्या आपल्याच केंद्राला. कोळसा ओडिशातल्या तालचेरकडून आला तर त्याच्या मागोमाग अंगुल, विशाखापट्टणम, बोंडामुंडा ही नावंही येतात. मला तर आता बोंडामुंडा हे अक्कलकोट रोडच्या पुढचं स्टेशन असल्यासारखं वाटतं.

त्यामुळे माझं मत असं की अंतर मोजू नका. बोंडामुंडा हजारभर किलोमीटरांवर आहे, पण ते कोळशामागून येणारच. तुमच्या लुधियानाला मात्र पाकणीत यायचं काही कारण नव्हतं. ज्याला इथे यायचं कारण नाही ते खरं दुर्मीळ.

रोखठोक
मला या छंदाचं काही कळत नाही, तरी विचारतो. सगळी इंजिनं भारत सरकारचीच ना? एकाच घरातल्या माणसाने या खोलीतून त्या खोलीत जावं, तसंच हे. 'परकं' म्हणायचंच कशाला?

अक्कलकोटची_लेक
रोखठोक, मग क्रिकेटमध्ये तरी मुंबई-महाराष्ट्र सामना कशाला बघता? सगळे भारतीयच.

रोखठोक
मी बघतच नाही.

अक्कलकोटची_लेक
मग चर्चाच खुंटली. 🙏

बाय द वे, माझे बाबा गेटमन होते. घरी आले की आईला पहिलं वाक्य असायचं, "आज एक भलतीच गाडी गेली." भलती म्हणजे काय ते त्यांनी कधी समजावलं नाही, आणि आईनेही कधी विचारलं नाही. माझ्या अंदाजाने रंग. डिझेलच्या काळात प्रत्येक शेडचा रंग वेगळा असायचा. शेडचं नाव वाचायच्या आधी रंगावरूनच कळायचं, ही आपली की पाहुणी.

चिंचेची_फांदी
सोलापूरच्या रेल्वे लाइन्समध्ये वाढले, सध्या मुक्काम इलिनॉय, शिकागोपासून तासाभरावर. रोखठोक यांच्या प्रश्नाला इकडचं उत्तर देते, कारण इकडे 'परकं' हा शब्द खरोखरच लागू पडतो.

अमेरिकेत रेल्वे कंपन्या खासगी. रूळ त्यांचे, इंजिनं त्यांची, मुलूख वाटलेले. पश्चिमेला युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफ, पूर्वेला नॉरफोक सदर्न आणि सीएसएक्स. मधे शिकागो, तिथे सगळ्यांची गाठ पडते. माल किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जायचा तर गाडी एका कंपनीच्या रुळांवरून दुसरीच्या रुळांवर जातेच. दर वेळी इंजिन बदलत बसण्यात वेळ जातो, म्हणून पुष्कळदा पहिल्या कंपनीचं इंजिन तसंच पुढे जातं. त्यामुळे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, १८५४ सालच्या त्या प्रसिद्ध हॉर्सशू वळणावर, बीएनएसएफची नारिंगी इंजिनं दिसतात. तिचे स्वतःचे रूळ तिथून कितीतरी पश्चिमेला संपलेले असतात.

आता हिशेब बघा. दुसऱ्याचं इंजिन वापरलं की त्याचे 'हॉर्सपॉवर-तास' मांडतात. चार हजार अश्वशक्तीचं इंजिन दहा तास वापरलं की चाळीस हजार हॉर्सपॉवर-तासांचं देणं झालं. फेड पैशात करण्यापेक्षा शक्यतो इंजिनानेच करतात : तुमचं आमच्याकडे राबलं, आता आमचं तुमच्याकडे राबेल. त्यामुळे काही इंजिनं निव्वळ उधारी फेडायला परमुलखात हिंडत असतात. त्या गाडीशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. होटगीकर म्हणतात तसं यायला कारण नाही असं वाटतं, पण कारण वहीत असतं.

आमच्याजवळ रोशेल नावाचं गाव आहे. तिथे युनियन पॅसिफिक आणि बीएनएसएफचे रूळ एकमेकांना छेद देतात, आणि गावाने चक्क गाड्या बघायला बाग केली आहे. मांडव आहे, बाकं आहेत. आम्ही पोळी-भाजीचा डबा घेऊन जातो. तिथले आजोबा लोक मला विचारतात, "इंडियात पण असे वेडे आहेत का?" आता हा धागा दाखवीन.

बाळेकर
चिंचताई, झकास प्रतिसाद. उधारी फेडायला फिरणारं इंजिन! आपल्याकडे असं काही असतं का?

निवृत्त_कंट्रोलर
असतं, थोड्या वेगळ्या तऱ्हेने. पैशाची देवघेव राहू द्या, पण कुठल्या रेल्वेकडे आज किती इंजिनं वापरात आहेत याचा रोजचा हिशेब असतो. त्याला आउटेज म्हणतात. दुसऱ्या झोनचं इंजिन आपल्या हद्दीत राबत असेल तर ते आपल्या आउटेजमध्ये धरलं जातं. त्यामुळे रोखठोक, घर एक आहे हे खरं, पण प्रत्येक खोलीचा मीटर वेगळा आहे.

बाळेकर, तुमच्या मुलाला हे सांगा. प्रवासी गाडीच्या इंजिनाला लिंक असते. ही गाडी घेऊन जायची, ती घेऊन परत यायचं, सगळं आधी ठरलेलं. मालगाडीच्या इंजिनाला तशी लिंक नसते. माल उतरला, इंजिन मोकळं झालं, की त्याला जवळचा जो लोड तयार असेल तो मिळतो. त्या वेळी खुर्चीवर बसलेला कंट्रोलर इंजिन कुठलं हे पाहत नाही. तो तीनच गोष्टी पाहतो : लोड ओढेल का, क्रू आहे का, आणि शेड्यूल किती दिवसांवर आलंय. पहिल्या दोन जमल्या तर लुधियानाचं इंजिन चेन्नईलाही जाईल.

त्याला घराकडे ओढणारी तेवढी तिसरी गोष्ट. ठरावीक दिवसांनी त्याला स्वतःच्या शेडला तपासणीसाठी जावंच लागतं. ती तारीख जवळ आली की होम शेडचे फोन सुरू होतात. मग कंट्रोलर त्या दिशेचा लोड शोधतो. आमच्या वेळी पलीकडच्या झोनचे लोक फोनवर जे बोलायचे ते इथे लिहिण्याजोगं नाही. कधी कधी चांगलं चालणारं इंजिन "अजून दोन दिवस, साहेब" करत रोखून ठेवायचो आम्हीही. सगळेच ठेवायचे.

गड्डा_यात्री
म्हणजे मेव्हण्याला तीन गोष्टी विचारायच्या. लोड ओढतो का? नाही. क्रू आहे का? बायको माहेरी. शेड्यूल?

होटगीकर
गड्डा, त्याला डेड लोको (बंद इंजिन) म्हणून शेवटच्या वाघिणीमागे जोडा आणि पाठवून द्या.

मीटरगेज_मन
काका, तुमच्याकडून एक ऐकायचंय. सोलापूर मंडळच एकदा दुसऱ्या झोनमध्ये गेलं होतं ना? माझे वडील सांगायचे, पण तारखा आठवत नाहीत.

निवृत्त_कंट्रोलर
हो. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, तेव्हा सोलापूर मध्य रेल्वेतून काढून तिकडे दिलं. मुख्यालय सिकंदराबाद. २ ऑक्टोबर १९७७ ला गुंटकल मंडळ दक्षिण मध्यला मिळालं आणि सोलापूर परत मध्य रेल्वेत आलं. म्हणजे अकरा वर्षं मुंबईचं इंजिन सोलापुरात 'पाहुणं' होतं आणि काझीपेठचं घरचं. ज्यांची बदली त्या काळात झाली त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर अजून दोन्ही नावं सापडतील.

त्याहून मागे जायचं तर हद्दी खरोखरच कंपन्यांच्या होत्या, चिंचताईंच्या अमेरिकेसारख्या. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) सोलापूरला १८६० मध्ये आली आणि १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रास रेल्वेला भिडली. वाडीहून १८७४ मध्ये निजामाची रेल्वे सुटली. वाडीला एका कंपनीच्या वाघिणी दुसरीकडे जायच्या, आणि त्यांची मोडतोड कुणाच्या हद्दीत झाली यावरून भांडणं व्हायची. म्हणून कुणाच्याच बाजूचा नसलेला तपासनीस ठेवायचे. न्यूट्रल ट्रेन एक्झामिनर हे पद त्यातून आलं.

मीटरगेज_मन
धन्यवाद काका. मग माझाही एक मुद्दा. लांबचं इंजिन, लांबची वाघीण ही चैन ब्रॉडगेजवाल्यांची. आमच्या लहानपणी होटगी-गदग मीटरगेज होती, रूळ ब्रॉडगेजपेक्षा अरुंद. मीटरगेजची वाघीण सोलापूरच्या पुढे जाऊच शकत नव्हती. माल उतरवा, हमालांनी उचला, ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरा. तिकडे कुर्डुवाडीत तर तिसराच गेज. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी, एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने १८९७ मध्ये सुरू केलेली. एकाच जिल्ह्यात तीन गेज, आणि एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर जाऊ शकत नाही. पाहुणं येण्याचा प्रश्नच नव्हता.

शेंगा_चटणी
बार्शी लाइटचा विषय निघालाच आहे तर, आजी सांगायची की आषाढीला डबे पुरेनात म्हणून वारकऱ्यांना मालाच्या डब्यांत बसवायचे. कुणाला माहीत आहे का?

मीटरगेज_मन
खरं आहे. पंढरपूरच्या यात्रेला मालाच्या वाघिणी वापरायचे. कॅल्थ्रॉपची सगळी हुशारी वाघिणीतच होती. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, असं बांधलं की हलके रूळही पुरतात आणि डबे मोठे करता येतात. त्याच मापात बसावं म्हणून किटसन कंपनीने आठ चालती चाकं असलेलं छोटं इंजिन करून दिलं. अवांतर होतंय, थांबतो.

सांगोलेकर
अवांतर नाही, जिल्ह्यातच आहे. माझंही घ्या. २८ डिसेंबर २०२० ला शंभरावी किसान रेल आमच्या सांगोल्याहून सुटली, थेट बंगालात शालिमारला. डाळिंब, द्राक्षं, ढोबळी मिरची, फ्लॉवर. त्या काळात स्टेशनात कुठले कुठले पार्सल डबे उभे असायचे! पूर्व रेल्वे, दक्षिण पूर्व रेल्वे. आमचे शेतकरी क्रेट भरता भरता डब्यावरची अक्षरं वाचायचे.

होटगीकर
सांगोलेकर, सुंदर, पण पार्सल डबा म्हणजे मालवाघीण नव्हे. तो कोचिंगचा, म्हणजे प्रवासी डब्यांच्या खात्यातला, माल. यादीत धरता येणार नाही.

सांगोलेकर
यादी कुणाच्या बापाची? आमची डाळिंबं त्यातून गेली, मी धरणार.

अक्कलकोटची_लेक
सांगोलेकरांना +१. 😄

पाकणीचा_पाहुणा
आमच्या बाळे स्टेशनचं कुणीच कसं सांगेना? ऑगस्ट २०२० अखेरीस बेंगळुरूजवळच्या नेलमंगलाहून बाळ्यापर्यंत रो-रो सुरू झाली होती. सपाट उघड्या वाघिणी आणि त्यांच्यावर भरलेले ट्रक, ड्रायव्हरसकट. जवळपास ६८० किलोमीटर. मालगाडीवर कर्नाटक, तमिळनाडूच्या नंबरपाट्या! त्या वेळी आम्ही इंजिन बघायचंच विसरून गेलो.

होटगीकर
हे मात्र मान्य. रो-रोला दंडवत.

वाघीणवाला
इतका वेळ वाचतोय आणि सगळे इंजिनाच्याच मागे. इंजिन म्हणजे गाडीचं तोंड, अंगाकडे कुणी बघत नाही. मी फक्त वाघिणी बघतो.

लोक म्हणतात, वाघिणी देशभर फिरतातच, त्यात काय दुर्मीळ? मान्य, फिरतात. कोळशाचा रेक शोधायचा तर त्यात दक्षिण पूर्वची, पूर्व तटची, उत्तर मध्यची अशी खिचडी असते. पण म्हणूनच वाचण्यासारखं जास्त असतं. वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे : १० ते २९ उघडी, ३० ते ३९ बंद, ४० ते ५४ टाकी. पुढचे दोन मालकाचे : ०१ मध्य, ०२ पूर्व, ०३ उत्तर, ०५ ईशान्य सीमा, ०७ दक्षिण पूर्व, ०९ दक्षिण मध्य, १२ पूर्व तट. त्यापुढचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार त्या वाघिणीचा स्वतःचा क्रमांक. शेवटचा एक पडताळ्याचा.

पडताळा असा. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आकडा मिळवा, त्याला तिनाने गुणा. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा त्यात मिळवा. जे येईल त्याच्यापुढचा दहाचा पाढा गाठायला जेवढे कमी पडतात, तो शेवटचा आकडा. समजा १०-०७-०८-१२३४. सम जागांची बेरीज २१, तिप्पट ६३. विषम जागांची ५. झाले ६८. सत्तरला दोन कमी, म्हणून शेवटी २. संपूर्ण नंबर १००७०८१२३४२.

बाळ्याच्या मालधक्क्यावर पंजाबचा गहू उतरतो तेव्हा मी जातो. उतरवून होईपर्यंत रेक उभा असतो, सावकाश वाचायला मिळतो. बारक्या अक्षरात शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख आणि कारखान्याचं नाव असतं. वाघीण कुणाची, दुरुस्त कुठे झाली, आता उभी कुठे, तीन गावं एका पत्र्यावर.

निवृत्त_कंट्रोलर
वाघीणवाले, शाबास. आणि तुमच्या प्रतिसादात बाळेकरांचं उत्तर आहे.

बाळेकर
कसं काका?

निवृत्त_कंट्रोलर
गहू. पंजाबातून धान्याचा रेक निघाला, त्याला लुधियानाचं वॅग-९ लागलं. आता सगळीकडे तारा असल्याने मधे कुठे इंजिन बदलायची गरज नाही, ते थेट बाळ्यापर्यंत येऊ शकतं. पूर्वी डिझेलच्या हद्दीवर बदललं असतं, म्हणून तुम्हाला ते कधी दिसलं नसतं. रेक धक्क्यावर लागला. उतरवायला तासन् तास जाणार, तोपर्यंत इंजिन कशाला बसवून ठेवायचं? शेजारच्या स्टेशनात, पाकणीला, टाक्या रिकाम्या झालेल्या. दिलं पाठवून. माझा हा अंदाज आहे, पण मी खुर्चीवर असतो तर हेच केलं असतं.

होटगीकर
म्हणजे त्यालाही यायचं कारण होतंच! माझा 'बिनकारण' गट रिकामाच झाला.

बाळेकर
काका, पटलं. मुलाला सांगितलं, आता तो विचारतोय की मग गहू उतरताना दाखव. पण दुसऱ्या प्रश्नावर मी अजून ठाम आहे. तारा आल्यावर सगळं एकसारखं झालं. सगळी वॅग-९, जवळपास एकच चेहरा. डिझेलमध्ये आवाजावरून कळायचं, हे जुनं अल्को बनावटीचं की हुबळीचं ईएमडी बनावटीचं. आता डोळे मिटले तर लुधियाना आणि लालागुडा सारखंच.

अक्कलकोटची_लेक
हे मात्र खरं. बाबांना आता कान लावून काही सांगता येत नाही. ते म्हणतात, सगळी एकाच सुरात गुणगुणतात.

चिंचेची_फांदी
इकडेही हीच रड आहे, तिथे यंत्रं नाही, कंपन्या कमी झाल्यात. १९९९ मध्ये कॉनरेल नॉरफोक आणि सीएसएक्सने वाटून घेतली. २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न एक झाल्या. जुन्या कंपन्यांची नावं गेली, रंग गेले. मग लोकांची हळहळ बघून कंपन्यांनीच काही इंजिनांना जुने रंग दिले. नॉरफोकने २०१२ मध्ये एकदम वीस रंगवली. ती कुठे आहेत याचा माग काढत लोक रात्री-अपरात्री गाड्या काढतात. आपल्या पुणे शेडने असं काही केलं तर मी तिकीट काढून येईन.

शेंगा_चटणी
येताना चॉकलेट आणा, जाताना चटणी देतो.

टिकेकरवाडी_लूप
बाळेकर, चेहरे एकसारखे म्हणता, तर वॅग-१२ बघितलंत का? मधेपुऱ्यात बनलेलं, दोन भागांचं, १२ हजार अश्वशक्तीचं. वॅग-९ च्या जवळपास दुप्पट. अंगावर सहारनपूर किंवा नागपूर लिहिलेलं असतं. आमच्या लूपला (बाजूच्या रुळावर) एकदा सहारनपूरचं उभं होतं. गावातली पोरं लांबी पावलांनी मोजायला निघाली, म्हातारे त्यांना कुंपणाच्या आत ओढत होते.

त्यावरून एक सांगतो, भाषण समजू नका. रुळांवर उतरून फोटो काढू नका. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, विजेची इंजिनं आवाज न करता अंगावर येतात. डिझेल निदान बोंबलत यायचं. प्लॅटफॉर्म तिकीट काढा, टोकाला उभे राहा, कुणी वर्दीवाल्याने हटकलं तर हुज्जत नको.

रोखठोक
एवढं सगळं वाचलं. छंद अजूनही कळला नाही. पण काल भिगवणला बायको फ्लेमिंगो बघायला घेऊन गेली होती. परतताना फाटकावर गाडी थांबली आणि मी मालगाडीच्या इंजिनावर काय लिहिलंय ते वाचलं. अजनी. हे लांब की जवळ?

होटगीकर
नागपूर. आपल्याच झोनचं. शून्य गुण. 😄

अक्कलकोटची_लेक
पण प्रवेश मंजूर!

रोखठोक
एका वाघिणीचा नंबरही टिपला, वाघीणवाल्यांच्या पडताळ्यासाठी. ३१०९१२४५३७२. मी केलं तर शेवटी ७ यायला पाहिजे. तिथे २ आहे. तुमचा नियमच चुकीचा आहे.

वाघीणवाला
बंद वाघीण, दक्षिण मध्यची, २०१२ ची बांधणी. नियम बरोबर आहे. नववा आकडा ३ नसून ८ असेल, रंग उडाला की ८ चा ३ दिसतो. आठ धरून करा. सम जागांची बेरीज २४, तिप्पट ७२. विषम १६. एकूण ८८. नव्वदला दोन कमी.

रोखठोक
केलं. दोनच येतात. ही टाक्यांची सिरीज ४० पासून ना? मग सिमेंटच्या वाघिणी कुठल्या आकड्यात शोधायच्या?